बिनहवेचा तास

नवरा गेल्यावर दोनच महिन्यांत सांडपाण्याच्या केंद्रात नवी टाकी सुरू झाली आणि प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्वतःला तिच्या कामात गाडून घेतलं. गाळाचे मोहरीएवढे दाणे वाढवायचे होते. त्या दाण्यांतले जिवाणू पाण्यातला फॉस्फरस शोषून घेतात. दाणे धरायला आठ महिने लागले. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, जेवताना तरी गाळ नको गं."

मग एका आठवड्यात परीक्षानळीतला निळा रंग उतरेना. निळा जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. शनिवारी तो थेट शाईसारखा झाला.

साहेब फोनवर म्हणाले, "बाई, केमिकल टाका आणि मोकळ्या व्हा."

"एक दिवस द्या, साहेब."

"एकच."

रविवारी केंद्रावर त्या आणि फाटकावरचा रखवालदार, एवढेच. दर फेरीचा पहिला तास टाकीत हवा सोडायची नसते. त्या तासात जिवाणू पोटभर जेवतात, आणि नंतर हवा मिळाली की फॉस्फरसवर तुटून पडतात. बाई खुर्ची घेऊन काठावर बसल्या. कंबर धरली, तरी उठल्या नाहीत. चाळिसाव्या मिनिटाला पलीकडच्या कोपऱ्यात बुडबुडे दिसले, बारीक, एकामागोमाग. हवेचा व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून त्याचं चाक आवळलं. बुडबुडे थांबले.

"आता जेवा निवांत," त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि कुणी ऐकलं का म्हणून वळून पाहिलं. ऐकायला होतं कोण.

सोमवारी फिटरने व्हॉल्व्ह बदलला. बाई त्याला दाणे दाखवायला बाटली घेऊन आल्या, तर तो पाने-पक्कड गोळा करून निघालासुद्धा होता.

गुरुवारी नळी जवळजवळ बिनरंगी निघाली. बाईंनी ती खिडकीशी धरून दोनदा पाहिली. साहेबांना कळवलं, त्यांनी अंगठा पाठवला. मुलीला फोन केला.

"मीटिंगमध्ये आहे, आई. संध्याकाळी करते."

संध्याकाळी फोन आला नाही. साडेआठला बाईंनीच लावला. मागे नातीचं रडणं चाललं होतं.

"बोल, पण पटकन," मुलगी म्हणाली. "हिला ताप आहे."

"काही नाही गं. सहज केला होता. औषध दिलंस ना?"

"हो, दिलं."

फोन ठेवून बाईंनी सकाळची भाजी गरम केली आणि ओट्याशीच उभ्याने जेवल्या.