उदाहरणादाखल

प्लंबरने बेसिनखाली डोकं घातलं, पान्याने नट आवळला आणि आतूनच म्हणाला,

"बाई, नळ सोडा बरं."

बाईंनी नळ सोडायच्या आधी छत्री उघडली.

त्याला राग आला नाही. सोळा वर्षं गिऱ्हाइकं हेच करत आली होती. सोळा वर्षांपूर्वी चौकातल्या नव्या कारंज्याचं उद्घाटन होतं. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि पाण्याऐवजी गटार उसळलं. पहिल्या दोन रांगा न्हाऊन निघाल्या. बँडवाल्याच्या पिपाणीतून तर आठवडाभर सूर कमी आणि चिखल जास्त निघत होता. जोडणी प्लंबरची होती. कुठला पाइप कुठे लावायचा, ते इंजिनियरसाहेबांनी नकाशा उलटा धरून दाखवलं होतं. पण नकाशाचा भिजून लगदा झाला आणि प्लंबर तेवढा शाबूत उरला. तेव्हापासून तो 'कारंजेवाला'.

एक थेंबही गळला नाही. बाईंनी छत्री मिटली, जराशी हिरमुसून.

तो बाहेर आलाच नाही. तिथूनच बोलला.

"शाळेतल्या मुलांचा तो शब्दकोश तुम्हीच केलाय ना?"

"मीच. का हो?"

"त्यात 'कुप्रसिद्ध' आहे. वाईट कामासाठी कायमचा ओळखला जाणारा, असा अर्थ दिलाय. पुढे उदाहरण. 'कारंज्यात गटार सोडणारा प्लंबर गावभर कुप्रसिद्ध झाला.'"

"अहो, मुलांना पटकन कळतं. आणि तुमचं नाव कुठे घातलंय?"

"माझी नात आलीये, इथेच राहायला. तिला वाटतं, आजोबांनी कारंजं बांधलं म्हणून लोक 'कारंजेवाला' म्हणतात. अख्ख्या वर्गाला सांगून बसलीये. आणि आता हेच पुस्तक त्यांना लागलंय."

बाईंनी वाकून बेसिनखाली कागद आणि पेन्सिल सरकवली.

"नवी आवृत्ती परवा छापायला जाते. मी काढते ते वाक्य. पण जागा रिकामी नाही सोडता येत. दुसरं तुम्हीच द्या. कुणाचंही चालेल, फक्त वाचल्याबरोबर डोक्यात शिरलं पाहिजे."

त्याला विचार करावा लागला नाही. 'नकाशा उलटा धरणारा इंजिनियर,' एवढं त्याने झरझर लिहिलं आणि त्याचा हात थांबला. साहेबांचे पाय आता गेले होते. संध्याकाळी त्यांची नात चाकाची खुर्ची ढकलत त्यांना चौकात आणायची. कारंज्यापाशी बसलेली माणसं उठून नमस्कार करायची, आणि खुर्चीमागची ती पोरगी साहेबांपेक्षा ताठ उभी राहायची.

त्याने त्याच कागदाला हाताचं ग्रीस पुसलं.

"राहू दे, बाई. आहे तेच बरंय. पटकन कळतं."

घरी नात जमिनीवर वही पसरून बसली होती.

"आजोबा, टीचरनी शब्द दिले होते, आपापली वाक्यं करायला. माझं एकच चुकलं. शुद्धलेखन तर बरोबर आहे."

त्याने चष्मा लावला. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझे आजोबा कुप्रसिद्ध नाहीत.' त्यावर लाल फुली. खाली लाल शाईतच, 'वाक्य दुरुस्त करून आणणे.'

नात त्याच्याकडे बघत नव्हती. पेन्सिलीचं टोक नखाने कोरत होती.

नकाशाचं सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. सोळा वर्षांत ते त्याने बऱ्याच जणांना सांगितलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती आणि पुढच्या वेळी छत्री आणली होती.

"खोडरबर दे," तो म्हणाला.

तिने दिला. त्याने वही गुडघ्यावर घेतली आणि वाक्यातला शेवटचा 'नाहीत' हळूहळू, कागद फाटू न देता, खोडून काढला. चुरा फुंकून टाकला. वही तिच्यापुढे ठेवली.

"हं. लिही आता."