वरचा सूर

नॅशव्हिलच्या सभागृहात डॉयलच्या चाळीस वर्षांच्या गायकीचा गौरवसोहळा रंगला होता. रेकॉर्डिंगवाल्याला भारी हौस! त्याने डॉयलचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं आणि त्यातली वाद्यं, साथीचे आवाज एकेक करून बंद केले.

"आता ऐका, नुसते डॉयलकाका!"

धृपदातला तो प्रसिद्ध वरचा सूर आला आणि स्पीकर मुका झाला. तो सूर साथीला गाणाऱ्या वांडाचा होता. डॉयलचा गळा तिथवर कधी पोचलाच नव्हता. वांडाने आजवर चकार शब्द काढला नव्हता. डॉयलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून म्हाताऱ्या वांडाने तोच सूर अलगद लावला.

"बघा काका, तुमचा सूर चाहत्यांनासुद्धा पाठ आहे!" रेकॉर्डिंगवाला ओरडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेकडे न बघता डॉयलने हॅट काढली आणि झुकून त्या टाळ्या घेतल्या.