लाल दोऱ्याची गाठ

मावशीचा कुणावर विश्वास नव्हता, आणि खडू तर कायम तिच्या हाताशी असायचा. शिवणकाम हा तिचा धंदा. ताग्यांवर खूण, कात्रीच्या जागेवर खूण. दर रविवारी चारही मशीनना ती स्वतः तेल द्यायची आणि दिलेल्या जागी लाल दोरा बांधायची, म्हणजे शिवणाऱ्या बायकांपैकी कुणी पुन्हा तेल ओतायला नको. तीन महिन्यांपूर्वी भाची गाडी शिकायला लागली, तेव्हा ड्रायव्हरच्या सीटखालच्या पट्टीवरही एक पांढरी रेघ आली.

त्या शनिवारी सकाळी सीट रेघेच्या चार बोटं पुढे होती.

"सीट हललीये," मावशी म्हणाली.

"माझे पाय आखूड आहेत. पुढे नाही घेतली तर पेडलला पत्र टाकावं लागेल."

"जीभ आखूड असती तर बरं झालं असतं. चालवताना क्लचवर पाय टाकून बसतेस तू. त्यानेच क्लचची प्लेट जळालीये."

"नाही बसत."

"मग गाडी काय थंडीने कुडकुडते?"

गाडी अठरा वर्षांची होती आणि गेले आठ दिवस खरोखरच कुडकुडत होती. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की आधी काहीच नाही, मग दोन-तीन आचके, आणि एकदम उडी. एकदा चालायला लागली की काही तक्रार नाही. सोमवारी भाचीची लायसन्सची परीक्षा होती, तीही याच गाडीवर. मावशीने स्पष्ट सांगून टाकलं होतं, "प्लेट जळालेली निघाली, तर किल्ली माझ्या पेटीत. परीक्षा विसरायची."

दोघी गॅरेजमध्ये गेल्या. पांढऱ्या भुवयांच्या मिस्त्रींनी खुर्ची पुढे केली. मावशी बसली नाही. बसलं की पाठीमागे काय चालतं ते दिसत नाही.

"सांगून टाका, प्लेट गेली म्हणून," ती म्हणाली. "तुमच्याकडे सगळ्यांचीच जाते."

"ताई, डॉक्टर नाडी तरी बघतो," मिस्त्री हसले. मग भाचीकडे वळून त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले. "हे बघ बाळ. हा हात इंजिन, फिरतोय. हा हात चाकं, उभी आहेत. क्लच सोडतेस तेव्हा हे दोन हात एकमेकांना भेटतात. हळू भेटले तर गाडी अलगद निघते. धसमुसळेपणाने भेटले तर आचके. आता आपण शोधायचं, धसमुसळेपणा कोण करतंय."

"ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली आणि भाचीच्या डाव्या पायाकडे पाहिलं. भाचीने पाय मागे घेतला, आणि तेवढ्यानेही मावशीचा संशय बळावला.

मिस्त्रींनी भाचीला गाडीत बसवलं. हँडब्रेक ओढायला लावला, तिसरा गिअर टाकायला लावला. "थोडा अ‍ॅक्सिलरेटर दे आणि क्लच सोड." तिने सोडला. इंजिन एक गचका खाऊन तिथंच बंद पडलं.

"बंद पडलं!" मावशी ओरडली. "पाहिलंत?"

"बंद पडलं म्हणजे प्लेट घट्ट धरतेय. जळून घसरत असती, तर इंजिन नुसतं ओरडत राहिलं असतं."

भाचीने काचेतून मावशीकडे पाहिलं. मावशीने तोंड फिरवलं. पोरीचं आणि मिस्त्रीचं आधीच काही ठरलं असेल का? काल संध्याकाळी ती पाऊण तास बाहेर होती.

मग बॉनेट उघडलं. भाची पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम सोडत होती आणि मिस्त्री इंजिन किती हलतं ते बघत होते. इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं ती फाटली, तरी गाडी थरथरते. रबरं ठीक होती. शेवटी त्यांनी इंजिन बंद करवलं, खाली वाकले आणि क्लचचं पेडल हातानेच दाबून हळूहळू सोडलं. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, तुम्ही करा."

मावशीने पेडलवर हात ठेवला. आयुष्यभर सरकतं कापड चाचपत आलेला तो हात. पेडल वर येता येता मधेच थबकलं, चिकटलं आणि टणकन उडालं. मशीनमध्ये दोरा अडकून सुटतो तसं. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच.

"हे पायाने होत नाही," ती नकळत बोलून गेली.

"नाही. ही वायर अडकतेय." मिस्त्रींनी पेडलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी वायर सोडवून बाहेर काढली. तिच्या तोंडाशी काळा, चिकट लगदा होता आणि त्यात कापडाचे बारीक तंतू. त्यांनी वास घेतला. "या वायरच्या आत प्लॅस्टिकची नळी असते, ती कोरडीच गुळगुळीत. हिला तेल पाजलं की नळी फुगते आणि धूळ धरून बसते. तेल कुणी घातलं?"

मावशी गर्रकन भाचीकडे वळली. "बोल आता! नसते उद्योग करायला कुणी सांगितलं होतं?"

 भाची वायरच्या टोकाकडे बघत होती. मिस्त्रींनी फडक्याने लगदा पुसला, तसा खालून दोरा निघाला. लाल. तीन वेढे आणि वर दुहेरी गाठ.

 ती गाठ मावशीला दुरूनसुद्धा ओळखता आली असती.

"कुरकुरत होती जरा," ती म्हणाली. "म्हटलं, मशीनसारखीच."

"मशीनला बरोबर आहे," मिस्त्री हळुवारपणे म्हणाले आणि नवी वायर आणायला आत गेले.

तासाभराने वायर बसली. मावशीने मिस्त्रींकडून किल्ली घेतली, भाचीला दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसली. लगेच उतरली. दुसऱ्या बाजूला जाऊन वाकली आणि भाचीची सीट होती तिथे, चार बोटं पुढे, खडूने दुसरी रेघ मारली.

"ही तुझी. सोमवारी किती वाजता जायचंय?"

"नऊ वाजता."

गाडी अलगद निघाली. कोपऱ्यापर्यंत मावशी समोर बघत होती. मग तिची नजर हळूच खाली, भाचीच्या डाव्या पायाकडे गेली.

"ठेवला नाहीये, मावशी."

"मी कुठे काय म्हटलं?" मावशी म्हणाली, आणि बघत राहिली.