पुरायची अंडी

"आरं, पुरायची अंडी कुठं गेली?" खुराड्यामागची रिकामी पाटी हातात घेऊन गोजाबाई दारात उभ्या होत्या.

"वाकडला दिली. सोसायटीत, सकाळीच," मोबाइलमधून डोकं वर न काढता रणजीत म्हणाला. चाकणच्या कंपनीतली शिफ्टला जाताना त्यांचा हा लेक अंडी घरपोच करायचा.

मागच्या आठवड्यात कोंबड्यांचे डोळे सुजले, नाकं वाहू लागली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाण्यातून द्यायचं अँटिबायोटिक दिलं आणि बजावलं, की पाचही दिवस द्यायचं आणि चिठ्ठीवरची तारीख उलटेपर्यंत अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. तिसऱ्याच दिवशी कोंबड्या टुणटुणीत झाल्या. "राहू दे की उरलेलं पुढच्या खेपंला," असं रणजीत म्हणाला होता. गोजाबाईंनी त्याचं ऐकलं नाही. औषध पुरतं पाजलं, अंडी रोज मारुंजीतल्या आपल्या घराच्या परसातच पुरली. कालपासून गुडघा धरला, म्हणून तेवढी पाटीत राहिली होती.

"काय सांगून दिलीस?"

"नेहमीचंच. गावरान, बिनऔषधाची. कुणाला कळतंय, आये?"

खुराडं झाडताना हाताला काय काय लागायचं, त्याची गोजाबाईंना कधी किळस आली नव्हती. आज पोटच्या पोराची आली. चहात बिस्कीट बुडवून तो निवांत खात होता, ते त्यांना बघवेना.

"वाकडच्या जयमालाबाईंचं लेकरू वरसाचं बी न्हाई. माझ्या भरवशावर भरवतात त्याला."

"एका अंड्यानं मरतंय व्हय?"

"थू तुझ्या जिनगानीवर!"

दुखऱ्या गुडघ्यानं त्यांनी रिक्षा गाठली. वाकडला नवव्या मजल्यावर जयमालानं दार उघडलं. तिच्या कडेवरच्या पोराच्या ओठांना पिवळा बलक लागला होता.

"बाई, ती अंडी खाऊ नका. कोंबड्यांना औषध दिलंय. माझ्याच घरातनं पाप झालं."

जयमालानं पोराचे ओठ पुसले. "आजी, तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता हो." उरलेली अंडी आणून तिनं त्यांच्या हातात दिली. "यापुढं नका पाठवू."

दार लागलं. अजून चार घरं राहिली होती. गोजाबाईंनी अंडी पदरात घेतली आणि शेजारची बेल दाबली.