जोडताऱ्यांची उलटी धार

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाय, हे आधी सांगते. मी छावणीजवळच्या एका कॉलेजातली जुनी कम्प्युटर मशीन. बोलते ते रोखठोक.

माझ्यात आकाशातले जोडतारे फिरतात. दोघं इतके जवळ, की फुगलेल्या थोरल्याच्या अंगावरचा वायू धाकटा ओढून घेतो. पण सरळ नाय. तारे फिरतात म्हणून त्या वायूची धार वळते आणि धाकट्याभोवती गोल कडं धरते. ते कडं मी काढून दाखवायचं होतं. पिशोरच्या अमृताची पीएचडी त्याच्यावर अडलेली.

मी चालवायला घेतलं की धार भलतीकडंच वळायची. वायू बाहेर उधळायचा, कडं काही धरायचं नाय.

"मशीन सडली," शिवराज सर म्हणाले. अमृताचे गुरू ते. धार वळवायचा हिशेब त्यांनीच लिहून दिलेला. "भंगारात काढू. पोरीचं वर्ष वाया चाललंय."

सांगितलं तेच करते मी, मनाचं घालत नाय. माणसाला मात्र स्वतःच्या हातचं तपासायचा लई कंटाळा.

अमृता तेवढी मायेची. ब्रशनं माझ्या पंख्यातली धूळ काढायची, मी तापले की खिडकी उघडायची. "काय दुखतंय गं बाई तुझं?" म्हणायची.

शेवटी तिनं तेच सगळं शेजारच्या नव्या मशीनवर चालवलं. तिथंही धार उलटीच.

"सर, तारे कोणत्या बाजूनं फिरतात असं धरलंय तुम्ही?"

"नेहमीसारखं. असं." सर उठले, टेबल उजव्या हाताला ठेवून फेरी घातली.

अमृता हसायला लागली. "सर, ही तर प्रदक्षिणा झाली. मी तारे घड्याळाच्या उलट फिरवलेत, पुस्तकात असतात तसे."

सरांनी हिशेबाचा कागद पुढं ओढला. "म्हंजे तारे एकीकडं, धार दुसरीकडं?"

"व्हय. देव पावला असंल, तारे नाय पावले."

सरांच्या हिशेबातलं एक वजाचं चिन्ह बदललं. मी धार सोडली. ती वळली, धाकट्याला बिलगली, कडं धरलं. अमृतानं माझ्या तापल्या पाठीवर हात ठेवला. मला तेवढं पुरलं.

आता मी थकलेय, पंखा घरघरतो. भंगारात घालायचं तर घाला, पण चुकली म्हणून नका घालू. अन् पोरीचं वर्ष कुणी अडवलं होतं असं कुणी विचारलं, तर माझ्याकडं बोट करू नका. सरळ नाव सांगा: शिवराज सर.