पाळकसाहेबांचा ताप

गुरुवारी सकाळी सर्जेराव निरोपाच्या उपासनेचा कार्यक्रम घेऊन आले, तेव्हा रेव्हरंड बन्सी पाटोळे आभाराचं भाषण लिहीत बसले होते. बजाजनगरच्या मंडळीत त्यांची बत्तीस वर्षं सरली होती. ते आले तेव्हा इथं चर्च म्हणून नुसती पत्र्याची शेड होती, आणि मंडळी म्हणजे वाळूजच्या कारखान्यांत कामाला आलेली, गंगापूर-पैठणकडची वीस-बावीस घरं. आता रविवारी अडीचशे माणूस बसत होतं. या रविवारची उपासना शेवटची. त्यानंतर पाळकसाहेब निवृत्त.

"बोलणारे पाच जण आहेत," सर्जेराव म्हणाले. ते मंडळीचे सचिव होते. "शेवटचं नाव कस्तुराबाईंचं."

बन्सींचा पेन थांबला. "कस्तुराबाई? त्या कधी चार माणसांत बोलल्या नाहीत."

"तेच तर. मी म्हटलं, मावशी, जमंल का? तर म्हणाल्या, पाळकसाहेबांची एक गोष्ट सांगायची हाय, ती त्यांच्या तोंडासमोरच सांगते."

सर्जेराव चहा पिऊन गेले. बन्सी तसेच बसून राहिले. कस्तुराबाई कोणती गोष्ट सांगणार हे त्यांना ठाऊक होतं. साडेचार वर्षं ते त्याच गोष्टीची धास्ती घेऊन जगत होते.

कोरोनाची दुसरी लाट होती तेव्हा. कस्तुराबाईंचा नवरा त्रिंबक दवाखान्यात गेला आणि चौथ्या दिवशी वारला. त्रिंबक म्हणजे मंडळीचा उजवा हात. चर्चचे पत्रे त्यानं ठोकलेले. पाळकांच्या घरचा नळ बिघडला तरी पाना घेऊन तोच यायचा, आणि जाताना, "साहेब, तुमी फक्त प्रार्थना करा, बाकीचं आमी बघतो," असं हसत म्हणायचा.

भर दुपारी कस्तुराबाईंचा फोन आला होता. "साहेब, दवाखान्याची गाडी ह्यांना थेट छावणीकडच्या दफनभूमीत न्यायलेत. म्या अन् लेक सुकेशनी, दोघीच हावोत. तुमी या."

"येतो," बन्सी म्हणाले होते. झगा घेतला, दफनविधीचं पुस्तक घेतलं, चपला घातल्या. आणि उंबऱ्यापाशी त्यांचे पाय थिजले. त्याच महिन्यात ओळखीचे दोन पाळक माती देऊन आले आणि आठवड्याच्या आत स्वतः मातीत गेले होते. बन्सी उंबऱ्यातच खाली बसले. मग त्यांनी फोन लावला. "कस्तुराबाई, मला ताप भरलाय."

अंगात ताप नव्हता. कपाळ गार पडलं होतं.

दोन तासांनी जीव घुसमटला म्हणून ते लुंगीवरच गच्चीवर गेले, तर खालच्या रस्त्यानं तीच गाडी मायलेकींना घरी सोडायला येत होती. खिडकीत कस्तुराबाई. त्यांनी मान वर केल्यासारखं बन्सींना वाटलं, आणि छप्पन्न वर्षांचा तो माणूस पाण्याच्या टाकीमागं लपला. गुडघे छातीशी घेऊन, गाडीचा आवाज विरेपर्यंत.

त्यांनी आपल्याला पाहिलं की नाही? ते बन्सींना कधीच कळलं नाही. महिन्याभरानं ते भेटायला गेले तेव्हा कस्तुराबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "ताप उतरला का?" बस्स. त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. त्या दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसायच्या. उपदेश करताना बन्सी डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे, तिसऱ्या बाकाकडं नजर जाऊ द्यायचे नाहीत.

"कस्तुराबाई बोलणार आहेत," त्यांनी रत्नमालाला, बायकोला सांगितलं. तिला सगळं माहीत होतं.

तिनं तांदूळ निवडायचं थांबवलं. "ती बाई तसली नाही हो."

"तसली नाही म्हणूनच भीती वाटते. उगाच बोलणारी असती तर लोकांनी कानाआड केलं असतं."

"मग आधी जाऊन भेटा तिला."

शुक्रवारी ते गेले. कस्तुराबाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि किराणा दुकानातून काडेपेटी घेऊन परत आले. शनिवारी ते जेवणावरून अर्धवट उठले. बत्तीस वर्षं कमावलेलं नाव एका बाईच्या दोन वाक्यांत धुळीला मिळणार, आणि ज्यांच्या लेकरांचे बाप्तिस्मे केले ते सगळे टकामका बघत राहणार.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. शाल झाली, हार झाला. एकेक जण उठून पाळकसाहेबांचं गुणगान करत होता, आणि बन्सी अजून किती जण उरले ते मोजत होते. कुणी म्हणालं, पाळकसाहेब हाकेला धावून येणारे. त्या वाक्याला त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आता कस्तुराबाई," सर्जेराव म्हणाले.

तिसऱ्या बाकावरून कस्तुराबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत हळूहळू पुढं येऊ लागल्या. त्या पोचायच्या आत बन्सी खुर्चीतून उठले.

"थांबा सर्जेराव. आधी मला बोलू द्या."

त्यांनी खिशातला कागद काढला. त्याची घडी उलगडली, पण वाचला नाही. तो त्यांनी परत खिशात घातला.

"आभाराचं लिहून आणलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही मला भाकर दिली, घर दिलं, माझ्या दुखण्याखुपण्यात रात्रंदिवस राबलात. पण ज्यानं सगळ्यात जास्त दिलं त्या त्रिंबकच्या मातीला मी गेलो नाही. ताप आहे म्हणालो. ताप नव्हता. मी भ्यालो होतो. आणि आत्ताही कस्तुराबाई सांगतील या भीतीनंच सांगतोय. हे काही धाडस नाही."

पहिल्या रांगेतल्या एकानं मान खाली घातली. सर्जेरावांच्या हातातला माईक खाली आला.

कस्तुराबाई होत्या तिथंच उभ्या होत्या. माईक नको म्हणाल्या.

"म्या ते सांगणार नव्हते," त्या म्हणाल्या. "टाकीमागं तुमी बसला व्हता, ते मला दिसलं व्हतं. तुमची लुंगी दिसत व्हती. लई राग आला व्हता. सुकेशनीला सुदिक सांगितलं नाय."

बन्सींनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"म्या सांगणार व्हते ती गोष्ट येगळीच. म्या चाळीस वर्षांची व्हते तव्हा तुमी मला अक्षरं शिकिवली. व्हय, हितंच, जुन्या पत्र्याच्या शेडमधी. माझी चूक झाली की बाकीच्या हसायच्या, तुमी कव्हा हसला नाय. ह्यांच्या मातीच्या दिशी तिथं कुणीच नव्हतं, म्हून म्याच स्तोत्र वाचलं. अडखळत वाचलं, पर पुरं वाचलं. ते तुमच्यामुळं. त्येचे आभार मानायचे व्हते."

बन्सींना मान वर करवेना. मग त्यांनी विचारलं, "मला माफ कराल?"

"माफीचं मला इतक्यात सांगता येणार नाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर मातीवर पाळकाचा शब्द पडला नाय, ते सलतंय. आज तुमी अजून आमचे पाळक हाव. जेवायच्या आधी चला."

काही लोक बन्सींना भेटायला पुढं आले. काही न भेटताच बाहेर पडले. सर्जेरावांनी हात मिळवला नाही, पण रिक्षा त्यांनीच बोलावून आणली.

बन्सी आणि रत्नमाला, कस्तुराबाई आणि सुकेशनी असे चौघं दफनभूमीत पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. त्या वर्षीच्या कबरी एका रांगेत, एकमेकींना खेटून होत्या. लाकडी क्रूसावरचं त्रिंबकचं नाव पुसट झालं होतं. सुकेशनीनं भोवतालचं गवत उपटलं. बन्सींनी झगा चढवला. बटणं रत्नमालानं लावून दिली.

त्यांनी पुस्तक उघडलं. आता कसला रोग नव्हता, कसला धोका नव्हता. तरी समोरच्या मातीच्या ढिगाची त्यांना त्या दिवसाइतकीच भीती वाटत होती. पहिली ओळ त्यांनी पुटपुटल्यासारखी वाचली.

कस्तुराबाई कबरीच्या उशाशी बसल्या होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "मोठ्यानं म्हणा, साहेब. मशीनवर काम करून त्यांना कमी ऐकू यायचं."

बन्सींनी श्वास घेतला आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.