मदत निघाली आहे

आमच्या कंपनीचं ॲप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. त्यात एकच मोठं लाल बटण. पडलात, घाबरलात, छातीत दुखायला लागलं, तर ते दाबायचं. मग घरच्या तिघांना तुमचा ठावठिकाणा जातो आणि त्यांचे फोन बोंबलायला लागतात. दोन मिनिटांत कुणीच दाद दिली नाही तर आमच्या मदत केंद्रातला माणूस तुम्हाला फोन करतो. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी आम्ही चौदा माणसं, दोन बैठकीच्या खोल्या आणि एक कॉफीचं यंत्र बाळगून आहोत. त्या यंत्रालाही लाल बटण आहे आणि ते दाबून काही होत नाही.

बटण तयार होत असताना ते दिवसातून पन्नास वेळा दाबून बघावं लागतं. सुरुवातीला प्रत्येक वेळी खरे निरोप जायचे. एका दुपारी साहेबांच्या सासऱ्यांना 'तुमचे जावई संकटात आहेत' असे एकवीस निरोप गेले. सासऱ्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही हा भाग वेगळा, पण साहेब भडकले आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी त्यावर आमच्या धंद्यातला नेहमीचा इलाज केला. त्याला 'कंडिशनल कंपायलेशन' असं भारदस्त नाव आहे आणि ते उच्चारताना आम्ही जरा ताठ बसतो. प्रकार साधा आहे. कोडमध्ये एकाच जागी दोन तुकडे लिहायचे आणि वर अट घालायची: ॲप चाचणीसाठी बनत असेल तर हा तुकडा घे, लोकांसाठी बनत असेल तर तो. जो तुकडा निवडला नाही तो ॲपमध्ये जातच नाही, त्याचा मागमूसही उरत नाही. लोकांच्या ॲपमधून खरा निरोप जाणार. चाचणीच्या ॲपमधून कुणालाच काही जाणार नाही. दोन सेकंद थांबून पडदा हिरवा होणार आणि त्यावर येणार, 'मदत निघाली आहे. काळजी करू नका.' हे वाक्य माझं. शिवाय चाचणीच्या ॲपमध्ये मी एक लपवलेली वही ठेवली होती. ॲपच्या आवृत्तीच्या आकड्यावर पाच टिचक्या मारल्या की ती उघडायची आणि बटण कधी कधी दाबलं ते तारीखवार दाखवायची. लॅपटॉपला केबल जोडून फोनवर टाकलं ते चाचणीचं ॲप, स्टोअरमधून उतरवलं ते खरं. यात चुकण्यासारखं काय आहे?

आमच्या साहेबांना ऑफिसात व्हिजनसाहेब म्हणतात, कारण त्यांना व्हिजन सोडून काही दिसत नाही. त्यांच्या फोनवर कायम चाचणीचं ॲप असायचं आणि ते बदलायला ते तयार नव्हते. खऱ्या ॲपमध्ये नेटवर्क नसलं की चाक फिरत राहतं, कधी लाल अक्षरांत 'निरोप पोचला नाही, पुन्हा पाठवत आहोत' असं येतं. खरं बोलण्याची ही खोड साहेबांना आवडायची नाही. चाचणीचं ॲप त्यांच्यासारखंच होतं. काहीही न करता दोन सेकंदांत आश्वासन द्यायचं. कुणी शंका काढली की साहेब फोन वर धरून म्हणायचे, "हिरवं आलं ना? मग झालं तर." आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. सगळ्यांत चांगली नक्कल मी करायचो.

चाचणीच्या ॲपवर आधी वरच्या बाजूला एक नारिंगी पट्टी होती, 'हे खरे नाही' असं लिहिलेली. साहेबांना ती लोकांसमोर दाखवताना खुपायला लागली. काढून टाक म्हणाले. आमच्याकडे चाचणीचं काम बघणारी एक बाई आहे. चुका काढणं हेच तिचं काम, आणि ती ते मन लावून करते म्हणून आम्ही तिचं नाव कटकट ठेवलंय. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"पट्टी काढलीस तर खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे कळणार कसं?"

"आपणच बनवलंय. आपल्याला माहीत असतं."

"मग निदान चिन्हाचा रंग तरी वेगळा ठेव. आणि चौदा दिवसांनी आपोआप बंद पडू दे. उद्या असलं ॲप कुणाच्या फोनवर राहून गेलं तर?"

"कुणाच्या राहणार आहे? आपण काय खुळे आहोत?"

पट्टी मी पाच मिनिटांत काढली. तिच्या सूचना 'नंतर बघू' या यादीत टाकल्या. त्या यादीत गेलेलं काही परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता माझ्या आईबद्दल. आईने चाळीस वर्षं कपडे शिवले. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. शिवणयंत्र खिडकीपाशी, कात्री खिळ्याला, आणि कुणी तिच्या कात्रीने कागद कापला तर त्याची धडगत नसते. वर्षभरापूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ताईने हट्ट धरला की आता आईला मी माझ्याकडे नेणार. ताईचं घर चांगलं आहे, ताईही चांगली आहे, पण तिथे आईला एक पलंग आणि एक टीव्ही मिळाला असता, आणि यंत्र माळ्यावर गेलं असतं. आई म्हणाली, मी इथून हलणार नाही. शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, आमचं ॲप कशासाठी आहे? बटण दाबलं की तासाभरात मी इथे हजर. ताई कशीबशी कबूल झाली. "बटणाच्या भरवशावर ठेवतेय," म्हणाली, "एकदा जरी दगा दिला तर त्याच दिवशी घेऊन जाईन."

एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेलो. स्टोअरचा पासवर्ड आईला आठवेना. तो तिने एका जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिला होता आणि त्या कॅलेंडरचा कागद मापाचे नमुने कापायला गेला होता. मी म्हटलं, जाऊ दे. पिशवीतून केबल काढली आणि पाच मिनिटांत ॲप फोनवर टाकलं.

आई बघत होती. "तू दिवसभर नक्की करतोस तरी काय?" तिने विचारलं. मी तिला तिच्याच भाषेत सांगितलं. "फिटिंग बघायला तू कच्चे टाके घालतेस ना, तसे आम्हीही घालतो. चाचणीपुरते."

"आणि गिऱ्हाइकाला देताना उसवतं कोण?"

"उसवावं लागत नाही. यंत्रच गाळून टाकतं."

"विसरत नाही?"

"यंत्र कसं विसरेल, आई?"

"मी विसरले होते एकदा. ती बाई बाहीत टाचणी घेऊन आख्खा समारंभ फिरली," म्हणून आई हसली. मग तिने बटण दाबून बघितलं. दोन सेकंदांत पडदा हिरवा. तिने चष्मा सरकवून वाक्य वाचलं. "मग आता तुला कळलं?" माझा फोन खाली गाडीत राहिला होता आणि जाऊन बघावं असं मला वाटलंही नाही. मी म्हणालो, "हिरवं आलं ना? मग झालं तर."

हे मी म्हणालो. नक्कल म्हणून नव्हे, अगदी मनापासून.

पाच महिने सुखात गेले. मग व्हिजनसाहेबांनी ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात ॲप दाखवायचं ठरवलं. पहिल्या रांगेत त्यांची बायको, सासरे आणि ड्रायव्हर असे निरोपाचे तीन मानकरी बसवले. साहेबांनी बटण दाबलं, मागच्या मोठ्या पडद्यावर हिरवं आलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एक निवृत्त मास्तरीणबाई उभ्या राहिल्या.

"फोन कुणाचा वाजला?"

साहेब म्हणाले, "हिरवं आलंय, बघा."

"हिरवं दिसतंय मला. मोतीबिंदू काढलाय. फोन कुणाचा वाजला?"

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला, उलटासुलटा करून बघितला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. आदल्या दिवशी त्यांच्याच फोनवर त्यांच्याच हट्टाने ठेवलेलं ॲप त्यांच्याच तोंडावर आपटलं होतं, त्यामुळे साहजिकच दोष आमचा होता. अर्धा तास ते पारदर्शकतेवर बोलले. मला हसू आवरत नव्हतं. मग कटकटने वही उघडली आणि शांतपणे म्हणाली, "चाचणीचं ॲप कुणाकुणाच्या फोनवर आहे त्याची यादी करू. ऑफिसातले सात मला माहीत आहेत. त्याशिवाय केबलने कुणी कुणाला टाकून दिलंय का? मित्र, शेजारी, घरचे?"

त्या रविवारची केबल मला डोळ्यासमोर दिसली, पिशवीतून काढताना तिला पडलेल्या गाठीसकट. कटकट माझ्याकडेच बघत होती. "आई," एवढंच मी म्हणालो आणि उठलो. साहेबांनी विचारलं की बैठक अर्धवट सोडून कुठे? कटकटनेच त्यांना गप्प केलं.

आई यंत्रावर बसली होती. मला बघून म्हणाली, "आज कसा काय?" म्हटलं, ॲपचं थोडं काम आहे. तिचा फोन घेतला, आकड्यावर पाच टिचक्या मारल्या. वहीत एकच नोंद असणार अशी मी स्वतःची समजूत घालत आलो होतो. नोंदी सहा होत्या.

पहिली त्या रविवारची. मग तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, सकाळी अकरा दहा. अकरा बारा. अकरा वीस. अकरा पंचेचाळीस. मग दोन महिन्यांनी एक, दुपारची. त्यानंतर काही नाही.

"आई, तू बटण दाबलं होतंस?"

"छे रे."

मी फोन तिच्यासमोर धरला. तिने चष्म्यातून बघितलं आणि नजर पुन्हा कापडाकडे वळवली. "हे सगळं लिहून ठेवतं होय," म्हणाली.

"काय झालं होतं?"

"काही नाही. बाथरूममध्ये स्टूल सरकलं, खाली बसले ती उठताच येईना. बरं तर बरं, फोन खिशात होता. तू शिकवलंस तसं दाबलं. मदत निघाली आहे म्हणालं, म्हणून वाट बघितली. मग बादलीला धरून धरून उठले. लागलं नव्हतं फारसं."

"किती वेळ?"

"असेल तास, दीड तास."

"मला सरळ फोन का नाही केलास?"

"बटण म्हणजे तुला फोनच ना? तूच म्हणाला होतास."

"अगं, मग नंतर तरी बोलायचंस! मी शनिवारी फोन केला होता."

"केलास की. काय विशेष, म्हणालास. म्हटलं, याला कळलंय, पण कामात असेल, जमलं नसेल. आता विषय नको असेल याला. मग मीही नाही काढला." तिने दोरा दाताने तोडला. "दुसऱ्यांदा चक्कर आली तेव्हा एकदाच दाबलं. सारखं सारखं कुणाला बोलवायचं?"

"आणि ताईला?"

"तिला सांगितलं असतं तर तुला फाडून खाल्लं असतं तिने. आणि मला घेऊन गेली असती."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नाक पुसत पुसत तिला सगळं सांगितलं: दोन तुकडे, अट, केबल, काढलेली पट्टी. मला निरोप आलाच नव्हता, कधीच नाही, सहापैकी एकही नाही. ते हिरवं खोटं होतं आणि ते खोटं मीच लिहिलं होतं. आता ती चिडेल म्हणून मी खाली मान घालून बसलो.

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही गं."

"एकदाही नाही?"

"नाही."

आईचा चेहरा उजळला. मी शपथेवर सांगतो, पाच महिन्यांत मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं. "मग हरकत नाही," ती म्हणाली. "मला आपलं उगाच वाटलं होतं," आणि काय वाटलं होतं ते न सांगता चहा टाकायला उठली. तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

जुनं ॲप मी पुसलं, वहीसकट. नवा पासवर्ड बनवून स्टोअरमधून खरं उतरवलं आणि माझा फोन समोर ठेवून बटण दाबणार तेवढ्यात आई म्हणाली, "आता राहू दे. ताई कामावर असेल, उगाच घाबरेल." म्हटलं, ताईला संध्याकाळी मीच सगळं सांगणार आहे. "सांग की. तुझी बोलणी तूच खा," ती म्हणाली आणि मला जवळजवळ ढकलूनच दाराबाहेर काढलं.

मी गाडीपर्यंत पोचलो आणि खिशातला फोन बोंबलायला लागला. आईचं नाव, पत्ता, तिसरा मजला. मी धावत सुटलो. तीन जिने मी कसे चढलो ते मला आठवत नाही, एक चप्पल दुसऱ्या मजल्यावरच राहिली. दार उघडं होतं. आई खुर्चीत बसली होती, फोन कानाला, नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"अगं काही नाही झालं मला, ओरडू नकोस," ती ताईला सांगत होती. "हो, आलाय ना. हा काय, दारात धापा टाकत उभा आहे."

मग फोनवर हात ठेवून तिने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"फिटिंग बघत होते," म्हणाली.